लष्कराच्या नकाशातले तात्या

मी समाजशास्त्रात एम.ए. केलं तेव्हा घरी सगळ्यांना एकच काळजी होती, की ह्याचं पुढं करायचं काय. काही वर्षं तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवलं. मग एक दिवस सिडकोतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचा फोन आला, तेव्हा मला वाटलं नंबर चुकलाय. चुकला नव्हता. त्यांना माणसांबद्दल शिकलेलं कुणीतरी हवं होतं, कारण ते जे बनवत होते ते माणसांबद्दलचं होतं आणि ऑफिसात एकजात इंजिनियर भरलेले.

ते सॉफ्टवेअर लष्कराला दाखवायचं होतं. एखादी तुकडी नव्या मुलखात गेली की तिच्या नकाशावर टेकडी असते, ओढा असतो, पूल असतो, पण माणसं नसतात. तिथं कोण कुणाचं ऐकतं, कुणाचं कुणाशी वाकडं आहे, कोणत्या दिवशी गावात पाऊल टाकू नये, कोणता विषय काढू नये, चहाला नको म्हटलं तर राग येतो का, हे सगळं विचारून आत भरायचं. मग पडद्यावर गाव उमटायचं, ठिपक्यांचं आणि रेघांचं. ज्याचं जास्त लोक ऐकतात त्याचा ठिपका मोठा. नवा अधिकारी आला की त्यानं पडदा बघावा आणि थेट मोठ्या ठिपक्याच्या दारात जाऊन उभं राहावं, अशी कल्पना. त्याला इंग्रजीत लांबलचक नाव होतं. आम्ही ऑफिसात त्याला ‘गावकी’ म्हणायचो.

लष्कराकडं नेण्याआधी एका खऱ्या गावावर ते चालवून बघायचं ठरलं. कंपनीचे सल्लागार म्हणून एक निवृत्त कर्नल होते. त्यांना पटलं तरच गाडी पुढं जाणार होती. गाव कुठलं घ्यायचं यावर चर्चा चालू असताना मी माझ्या मामाचं गाव सुचवलं. गंगापूरच्या अलीकडं, पक्क्या रस्त्यापासून जरा आत, उसाचं आणि कापसाचं गाव. ओळखीची माणसं आहेत, खरं बोलतील, असं मी म्हणाले. समाजशास्त्र शिकूनही माणूस असं बोलून जातो.

मामाला सांगितलं तर तो एकदम खूश झाला. लष्कर आपलं गाव बघणार म्हणून त्यानं तालुक्याला दोघाचौघांना फोनही करून टाकले. मामी मेथी निवडत बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की ह्या कॉम्प्युटरच्या डब्यात एकदा शिरलेलं परत बाहेर काढता येतं का. मी म्हटलं, तसं काढता येत नाही, पण एकदम सुरक्षित असतं. ती ‘हं’ म्हणाली आणि मेथीकडं वळली.

माझ्याबरोबर एक प्रोग्रामर होता, जुन्या शहरातल्या शहागंजकडचा. जन्म शहरात गेलेला, गाव त्यानं बसच्या खिडकीतून पाहिलेलं. आम्ही दोघं टॅबलेट घेऊन घरोघर फिरलो. लोकांनी चहा पाजला, भुईमुगाच्या शेंगा दिल्या, उत्तरंही भराभर दिली. अडचण आली तर कुणाकडं जाता? तात्याकडं. भावाभावांत भांडण झालं तर कोण मिटवतं? तात्या. मुलीचं स्थळ बघायचं असलं तर? तात्याला इचारून. मत कुणाला द्यायचं? ह्या प्रश्नावर एक आजी जरा थांबली, मग म्हणाली, तात्या सांगंल तसं.

मला यात काहीच वावगं वाटलं नाही. आमच्याकडं वडीलधाऱ्या माणसाचं नाव कुणी घेत नाही. ज्या त्या भावकीत एक तात्या असतोच. वरच्या आळीचे तात्या म्हणजे निवृत्त मास्तर, खताच्या दुकानाचे तात्या वेगळे, मारुतीच्या पाराजवळचे आणखी वेगळे. मी उत्तर ऐकायचे आणि मनात ज्याचा त्याचा तात्या लावून घ्यायचे. टॅबलेटमध्ये मात्र नुसतं ‘तात्या’ जात होतं.

ऑफिसात परत आल्यावर प्रोग्रामरनं गाव पडद्यावर आणलं. मग मला हाक मारली. पडद्याच्या मधोमध एक प्रचंड मोठा ठिपका होता आणि गावातलं झाडून प्रत्येक घर त्याला रेघेनं बांधलेलं होतं. सरपंच कोपऱ्यात मोहरीएवढा.

“मॅडम, ये तात्या कौन है? पूरा गाँव इसके जेब में है.”

मी हसत सुटले. त्याला समजावून सांगायला जरा वेळ लागला, कारण त्याच्या मोहल्ल्यात ‘चाचा’ म्हटलं तर कुठले चाचा हे पोरगंसुद्धा विचारतं. दुरुस्ती फार मोठी नव्हती. पण आम्ही ती करायच्या आत मालकांनी ते चित्र कौतुकानं कर्नलसाहेबांना पाठवून दिलं होतं, आणि साहेबांचा फोनही येऊन गेला होता. सगळं गाव एका माणसाच्या शब्दावर चालतं, असं आपण उभ्या नोकरीत पाहिलं नाही, तेव्हा आपल्याला या गृहस्थांना भेटायचंच आहे, असं ते म्हणाले होते. मालकांनी मला केबिनमध्ये घेऊन सांगितलं, की चूक मागाहून दुरुस्त करता येईल, आधी तात्या आणा.

मी मामाला फोन केला. तो म्हणाला, त्यात काय एवढं, मी हाय की. माझा जीव भांड्यात पडला. पण भेटीच्या आदल्या दिवशी गावात पोचले तर मामाच्या ओसरीवर तात्यांची गर्दी झालेली. सरपंचांचं म्हणणं, गावचा प्रथम नागरिक ते, तेव्हा तात्याही तेच. खताच्या दुकानदाराचं म्हणणं, की आपल्याला लहानपणापासून तात्याच म्हणतात, त्यामुळं बाकीच्यांचा प्रश्नच येत नाही. मास्तरांनी आपण कसे वयानं ज्येष्ठ आहोत हे सांगायला सुरुवात केली ती संपेचना. मामानं आपण फोनवर आधी होकार दिल्याचा मुद्दा काढला. बोलता बोलता प्रकरण मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीवर घसरलं आणि आवाज चढले.

तेवढ्यात मामी चहा घेऊन आली. कप हातात देत देत ती सहज म्हणाली, की धनगरवस्तीवरच्या बाबाला तात्या करा.

ओसरीच्या पायरीवर ते बाबा बसलेलेच होते. मामाशी काहीतरी बोलायचं म्हणून आले होते आणि भांडणात त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. ओढ्यापलीकडं धनगरांची थोडी घरं आहेत. दिवाळी झाली की ही माणसं मेंढरं घेऊन बाहेर पडतात ती पावसाच्या तोंडाला परत येतात. आमच्या गावकीनं या घरांना लाल रंग दिला होता, कारण घरातली माणसं निम्मं वर्ष कुठं असतात हे यंत्राला कळेना. शेजारी लिहून आलं होतं, ‘अस्थिर वस्ती, लक्ष ठेवावे.’

मामीनं कारणही सांगितलं. “आर्धं साल गावात नसत्यात. त्यांचं कुणाशी वाकडं नाय. तुमच्यातल्या एकाला केलं तर बाकीचे त्येच्या दारापुढनं जायचे नायत.”

सगळ्यांनी कप तोंडाला लावले. आपल्याला नाही तर नाही, पण समोरच्यालाही नाही, हे प्रत्येकाला एकदम पटलेलं दिसलं. सरपंच म्हणाले, चांगली कल्पना आहे. मास्तरांनी आपणही हेच सुचवणार होतो असं सांगितलं.

बाबांनी विचारलं, “मला करावं काय लागंल?”

खुर्चीवर बसायचं, साहेब विचारतील त्याला होय म्हणायचं, असं मामानं सांगितलं. बाबा म्हणाले, बसायला जमंल.

दुसऱ्या दिवशी कर्नलसाहेब जीपनं आले. सडपातळ, ताठ, बोलणं मऊ. मूळचे कुठल्याशा खेड्यातलेच, हे त्यांनी चप्पल ज्या तऱ्हेनं पायरीखाली काढली त्यावरून कळलं. ओसरीवर बाबा खुर्चीत बसलेले होते. मामानं आपला कोरा फेटा त्यांना बांधला होता. घोंगडं काढा म्हणून सगळ्यांनी विनवलं होतं, पण तेवढं त्यांनी ऐकलं नव्हतं. मानकरी मंडळी दोन्ही बाजूंना सतरंजीवर. बायका स्वयंपाकघराच्या दाराआड. प्रोग्रामर माझ्या शेजारी लॅपटॉप धरून, आणि लाल रंगाचं पान चुकूनही उघडू नकोस, असं मी त्याला दोनदोनदा बजावलेलं.

सुरुवात ठरल्याप्रमाणे झाली. गावातली भांडणं तुम्हीच मिटवता का? व्हय. लोक ऐकतात? व्हय. साहेबांनी मग हसत विचारलं, तुमचं न ऐकणारा एखादा तरी असेलच ना गावात?

बाबांनी सावकाश डावीकडून उजवीकडं सगळ्यांकडं पाहिलं. मग सरपंचांना म्हणाले, “सायबाला पाणी आण.”

सरपंचांनी मामाकडं पाहिलं, मामानं माझ्याकडं पाहिलं, मी लॅपटॉपकडं पाहिलं. सरपंच उठले आणि तांब्या घेऊन आले.

तिथून पुढं बाबांना गोडी लागली. खतवाल्या तात्यांना त्यांनी जीप सावलीत उभी आहे का ते बघायला पाठवलं. ते परत येऊन टेकतायत तोवर जीपमधल्या ड्रायव्हरला चहा मिळाला का हे बघायला परत पाठवलं. मास्तर काहीतरी सांगायला लागले तर नुसता हात वर केला, आणि मास्तर थांबले. मी त्यांना पहिल्यांदाच थांबलेलं पाहिलं. मामाचा मोबाइल वाजला तेव्हा बाबांनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं तो बंदच करून टाकला. प्रोग्रामर तोंडावर रुमाल धरून नेटवर्क बघायला म्हणून अंगणात गेला आणि बराच वेळ आला नाही.

कर्नलसाहेब काही लिहून घेत नव्हते. नुसते बघत होते. त्यांनी विचारलं, सध्या गावात एखादा तंटा चालू आहे का.

हा प्रश्न ठरलेल्यात नव्हता. बाबा म्हणाले, एक हाय. आणि त्यांनी पाझर तलावाकडं जाणाऱ्या वाटेची गोष्ट सांगितली. मेंढरं पाण्यावर न्यायची जुनी वाट होती. एकानं ती तारेचं कुंपण घालून अडवली, त्यामुळं जित्राबांना लांबच्या रस्त्यानं वळसा घालून न्यावं लागतं. माणूस वाईट नाही, त्याचा उसावर जीव आहे, मेंढरांनी एकदा कडेचा ऊस खाल्ला त्याचा राग डोक्यात बसलाय. बाबांनी नाव कुणाचंच घेतलं नाही. पण मामा वरच्या पत्र्याचे खिळे मोजत असल्यासारखा आढ्याकडं बघायला लागला होता. बाबा आदल्या दिवशी पायरीवर कशासाठी येऊन बसले होते, ते मला तेव्हा समजलं.

साहेबांनी विचारलं, मग तुमचा निवाडा काय?

“उद्या सकाळी तार निघंल,” बाबा म्हणाले. “मेंढरं जाताना आमची दोन माणसं उसाच्या कडंनं उभी राहतील. पात्याला तोंड लागू द्यायची नायत.” आणि मामाकडं वळून म्हणाले, “का वो, बराबर हाय ना?”

ओसरीवर कुणी हललं नाही. कर्नलसाहेबही मामाकडं बघायला लागले.

“तात्या म्हणतील तसं,” मामा म्हणाला.

मी ओढणी तोंडात कोंबली. सरपंच पाण्याचा तांब्या उगाच भरून आणायला निघून गेले.

निघताना साहेबांनी मला जीपपर्यंत बरोबर घेतलं. तात्या फार छान होते, असं ते म्हणाले. मी मान खाली घालून चालत राहिले. मग त्यांनी विचारलं, की आतल्या दारापाशी कोण उभं होतं. कारण ओसरीवरचा प्रत्येक माणूस उत्तर द्यायच्या आधी आणि हसायच्या आधी त्या दाराकडं बघत होता, तात्यासुद्धा. मी सांगितलं, माझी मामी.

“तिचा ठिपका केवढा आहे?”

मामीला वेगळा ठिपकाच नव्हता. तिची नोंद मामाच्या नावाखाली होती, गृहिणी म्हणून. मी तसं सांगितलं. ते जरा हसले आणि जीपला टेकून त्यांनी मला स्वतःची एक आठवण सांगितली. नवीन अधिकारी असताना त्यांची नेमणूक डोंगराळ भागात झाली होती. तिथल्या एका गावात त्यांनी मुख्य माणूस कोण म्हणून विचारलं, तर गावानं एकाला पुढं केलं. सगळा हिवाळा ते त्या माणसाबरोबर चहा प्यायले, गप्पा मारल्या. नंतर समजलं की तो मुख्य वगैरे कुणी नव्हता, गावचा जावई होता.

“जावयाला काही झालं असतं, तर गावाचं फारसं बिघडणार नव्हतं,” ते म्हणाले. मला वाटलं ते आता त्या लोकांना लबाड म्हणतील. पण ते म्हणाले, आम्ही कोण, कशाला आलोय, हे त्यांना कुठं ठाऊक होतं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही जावईच पुढं केला असता.

जीप गेल्यावर मी सरळ स्वयंपाकघरात गेले. मामी भाकरी थापत होती. मी तिला विचारलं, की घरोघरी एकच उत्तर कसं काय मिळालं. तिनं लपवलं वगैरे काही नाही. आम्ही यायच्या आधी बचत गटाच्या बैठकीत तिनंच बायकांना सांगून ठेवलं होतं, की पोरगी आपली आहे, तिला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, पण काहीही विचारलं तरी तात्या म्हणायचं. बायकांनी घरी जाऊन पुरुषांना सांगितलं.

“तात्या म्हणलं की खोटंबी नाय आन खरंबी नाय,” ती म्हणाली. भाकरी तव्यावर टाकून तिनं वरून पाणी फिरवलं. “तू आपली हायस, पोरी. आजचा सायबबी भला दिसतोय. पण उद्या ह्यो डबा कुणाच्या हातात जाईल, तुला तरी ठावं हाय का?”

मला ते खरंच ठाऊक नव्हतं. उलट जे थोडं ठाऊक होतं ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. मालक अलीकडं जेवणाच्या सुट्टीत म्हणायला लागले होते, की लष्कराचं झालं तर झालं, पण निवडणुकीला हे काय जोरात चालेल. मी गरम भाकरी खाल्ली. फसवले गेल्याचा राग यायला हवा होता. पण माझ्या मामीनं लष्कराच्या सॉफ्टवेअरला गंडवलं, याचाच मला इतका आनंद झाला होता की दुसरी भाकरी मी स्वतःच मागितली.

मामानं संध्याकाळी माघार घ्यायचा प्रयत्न केला. ते सगळं नाटक होतं, नाटकातल्या शब्दाला काय किंमत, असं तो म्हणत होता. मामी फक्त म्हणाली, की फौजेच्या माणसापुढं बोललाय तुम्ही. सकाळी उठून मामा पक्कड घेऊन स्वतःच कुंपणाकडं गेला. दुसऱ्यानं येऊन तार काढली असती तर गावात शोभा झाली असती. मीही मागोमाग गेले. मेंढरं आली, ठरल्याप्रमाणे दोन माणसं उसाच्या कडेला काठ्या आडव्या धरून उभी राहिली. तरी एका मेंढीनं मान लांब करून पात्याचा एक घास घेतलाच. मामानं तो पाहिला. मग मला ऊस यंदा कसा आहे ते सांगायला लागला.

कर्नलसाहेबांनी अहवाल दिला तो मालकांना फारसा आवडला नाही. त्यात म्हटलं होतं, की प्रत्येक उत्तरापुढं आणखी एक रकाना पाहिजे: हे उत्तर कुणी, कुणाला आणि कशासाठी दिलं असावं. प्रोग्रामर म्हणाला, “नक्को मॅडम, ये रकाना तो कोईच नहीं भर सकता.” त्यानं आपल्या परीनं ‘कोणते तात्या?’ असा एक प्रश्न तेवढा घातला. पुढं लष्कराकडची फाइल कुठं अडकली ते आम्हाला कळलं नाही. मालक निवडणुकीच्या मागं लागले, तेव्हा मी ती नोकरी सोडली आणि पुन्हा तासिकांवर शिकवायला लागले. हर्सूलच्या माझ्या घरापासून कॉलेज तसं लांब पडतं, पण वर्गातली पोरं विचारल्यावर निदान तोंडावर खोटं बोलतात.

सोडण्याआधी दुरुस्त केलेली गावकी घेऊन आम्ही एकदा पुन्हा त्या गावात गेलो होतो. या खेपेला कोणते तात्या, म्हणून विचारलं. थोड्या घरांनी मास्तर सांगितले, थोड्यांनी खतवाले. पण बऱ्याच जणांनी धनगरवस्तीवरचे सांगितलं, आणि ते खरं होतं. वाट मोकळी झाल्यावर बांधाच्या भांडणातले दोन भाऊ त्यांच्याकडं गेले होते, मग आणखी कुणी गेलं. पूर्वी त्यांना सगळे बाबा म्हणायचे, आता तात्या म्हणतात. निवाड्याला बसायचं तर आधी खुर्ची मागतात, अशी मामाची तक्रार आहे.

मागच्या दिवाळीनंतर मी गावाला होते, तेव्हा मेंढरं बाहेर पडायच्या बेतात होती आणि विहिरीच्या पाळीवरून दोन घरांत जुंपली होती. सरपंचांनी तात्यांना थोडं थांबा म्हणून विनवलं. मेंढरं थांबत नायत, तात्या म्हणाले, ज्याला बोलायचंय त्यानं बरोबर चालावं. मग दोन्ही घरची माणसं, एक कळपाच्या या अंगाला आणि दुसरं त्या अंगाला, भांडत भांडत वैजापूरच्या रस्त्याला लागली. मधून तात्या घोंगडं खांद्यावर टाकून चाललेले, कुणाचं ऐकतायत की नाही ते कळायला मार्ग नव्हता. ती माणसं दिवस कलल्यावर एसटीनं परत आली. पाय सुजलेले, अंगावर धूळ, आणि एकाच बाकड्यावर बसून आलेली. काय ठरलं म्हणून मामानं विचारलं, तर म्हणाले, तात्यांनी काहीच सांगितलं नाही, आम्हीच थकलो.